फेस धरेपर्यंत

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून माणसाला पाऊण तास बसवून ठेवतात. त्या पाऊण तासात त्याला वाचता येत नाही, मोबाइल बघता येत नाही, शेजारी बसलेली आपलीच बायको आहे की दुसऱ्या कुणाची, हेही खात्रीनं सांगता येत नाही. अशा माणसांच्या करमणुकीसाठी आमच्या दवाखान्यानं प्रतीक्षालयात सहा फूट लांबीची माशांची टाकी ठेवली होती. ही कल्पना ज्यानं काढली, त्याची दृष्टी अधू नसावी.

टाकी खाऱ्या पाण्याची. तिच्यात नऊ मासे. आठ लहान, रंगीत, एकमेकांसारखे. नववा ताटाएवढा, शाईत राख कालवल्यासारख्या रंगाचा आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असलेला. तो दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारी, लहान माशांच्या टोळक्यात घुसून त्यांना पांगवी आणि पुन्हा चालू लागे. त्याला सगळे ‘मुकादम’ म्हणत. तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे दवाखान्यातल्या निम्म्या कर्मचाऱ्यांपेक्षा सेवेत ज्येष्ठ. थेंब घातलेल्यांना तो एकाचे दोन दिसे, आणि बरेच जण टाकीत दहा मासे आहेत असं समजून घरी जात.

टाकीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना आम्ही नोंदणीच्या खिडकीवाले ‘थांबाकाका’ म्हणत असू. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळे, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. पाणी कधी बदलणार, असं विचारलं की ते म्हणत, “थांबा.” मासे खात का नाहीत, विचारलं की “थांबा.” चहा घेणार का, विचारलं तरी आधी “थांबा” आणि मग “द्या”. पूर्वी बारा वर्षं ते साबणाच्या कारखान्यात कढईवर होते. कारखाना बंद पडला, तेव्हा एका दुकानदाराच्या ओळखीनं ते टाकीकडे आले आणि इथेच रमले. आयुष्याचा पूर्वार्ध त्यांनी विकण्याजोगा फेस तयार करण्यात घालवला होता आणि उत्तरार्ध फेकण्याजोगा फेस काढण्यात. यातलं दुसरं काम जास्त अवघड, असं त्यांचं मत होतं.

ते कसं, ते सांगायला हवं. मासे खातात, घाण करतात, आणि ती घाण पाण्यात विरघळते. गोड्या पाण्याच्या टाकीत ती जाळीनं, वनस्पतींनी कशीबशी आवरता येते. खाऱ्या पाण्यात मात्र एक सोय असते: त्यात बारीक बुडबुडे सोडले की विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, जशी उकळत्या भांड्यावर मळी येते. हे काम करणारं यंत्र म्हणजे स्किमर. टाकीखालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी असते, तिच्यात हे पारदर्शक नळकांडं उभं असतं. खाली पंप, मध्ये बुडबुड्यांचं दूध, वर निमुळती मान आणि मानेवर एक पेला. घाणीचा फेस मान चढून पेल्यात पडला पाहिजे. पेला काळाकुट्ट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर काकांचा दिवस चांगला जाई.

जुन्या स्किमरच्या तळाला तडा गेला. पंधरा दिवसांत पाणी पिवळट झालं, मग दुधी. मुकादमाच्या फेऱ्या कमी झाल्या. तो टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, पाणी पडतं तिथे, तोंडाची उघडझाप करत उभा राहू लागला.

त्याच सुमारास दवाखान्याला नव्या व्यवस्थापक मॅडम मिळाल्या होत्या. बाई हुशार, स्पष्ट, कुणावर ओरडत नसत. त्यांनी नवा स्किमर ताबडतोब मागवून दिला, आणि तो आला त्या दिवशी काकांना बोलावलं.

“काका, यंत्र आलं. आता उद्यापर्यंत पाणी स्वच्छ?”

“उद्या नाही होणार, मॅडम.”

“मग परवा?”

“नवा स्किमर बसायला वेळ घेतो. आठ दिवस, कधी पंधरा.”

“हाड मोडलेला माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी चालतो हल्ली.”

“त्याला फेस काढायचा नसतो.”

मॅडमनी वही मिटली. “हे बघा. लोक तक्रार करतायत. डोळ्यांच्या दवाखान्यात शिरल्यावर समोर गढूळ टाकी बरी दिसत नाही. सोळाव्या दिवशी पडदावाले भिंत मोजायला येणार आहेत. टाकीच्या जागी मोठा पडदा लावू, त्यावर मासे दाखवू. ते खात नाहीत, मरत नाहीत.”

“मग त्यांना दिवसभर करायचं काय असतं?”

“तुम्हाला पंधरा दिवस दिले,” मॅडम म्हणाल्या. “पाणी स्वच्छ आणि मासे धडधाकट असतील तर टाकी राहील. माझा शब्द. नसतील तर टाकी काढू, आणि तुम्हीही हरकत घेणार नाही. हा तुमचा शब्द.”

काका पहिल्यांदाच ‘थांबा’ न म्हणता “बरं” म्हणाले.

त्यांना हिशेब कळत होता. आठ लहान मासे कुणीही घेईल. मुकादमाला घेणारं कुणी नव्हतं. शहरातल्या दुकानांत चार फुटांपेक्षा मोठी टाकी नव्हती, आणि सहा फुटांत एकोणीस वर्षं फिरलेला मासा चार फुटांत काचेवर आपटून मरतो. समुद्रात सोडावा, तर त्याचा समुद्र हा नव्हे. थोडक्यात, भिंत मोजली गेली की मुकादम संपला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला ते फरशी पुसणाऱ्या मावशींकडून कळलं. त्या न सांगितलेल्या गोष्टी ओळखण्यात तरबेज होत्या.

पहिल्या दिवशी काकांनी स्किमर बादलीत, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवला. प्रतीक्षालयभर आंबट वास. मावशी फडकं घेऊन उभ्या.

“नव्या वस्तूला धुताय कशाला? अजून मळली कुठेय?”

“कारखान्यातून येताना तिला तेलाचा हात लागलेला असतो. साच्याचा, माणसांचा. डोळ्यांना दिसत नाही, पण फेसाला कळतं. तेल असलं की फेस उभाच राहत नाही.”

“आणि धुतलं की राहतो?”

“धुतलं तरी लगेच नाही. पाण्यातलाच एक बुळबुळीत थर आतून चढावा लागतो. तो चढेपर्यंत हा कधी रुसेल, कधी उतू जाईल. आपण काही करायचं नाही.”

“हे बरं काम आहे,” मावशी म्हणाल्या. “काही करायचं नाही, आणि त्याला पंधरा दिवस.”

दुसऱ्या दिवशी काकांनी यंत्र खालच्या टाकीत बसवलं. बरोबर आठ इंच पाण्यात, त्यासाठी तळाशी काचेचा तुकडा. बाजूचा वॉल्व्ह पूर्ण उघडा. हा वॉल्व्ह बंद करत नेला की नळकांड्यातलं पाणी वर चढतं, उघडला की उतरतं. सगळी गंमत आणि सगळा घोळ या वॉल्व्हचा. नवशिके तो तासातासाला फिरवतात. काकांचा नियम होता, फेस तीन दिवस सलग मानेत उभा राहिल्याशिवाय वॉल्व्हला हात लावायचा नाही, आणि मग दिवसाला केसभर. कपाटाच्या दारावर त्यांनी कागद डकवला: ‘कोणीही हात लावू नये.’ खाली बारीक अक्षरात: ‘मदत म्हणूनही.’

दरम्यान रोज सकाळी टाकीतलं चाळीस लिटर पाणी काढून चाळीस लिटर नवं, मीठ कालवलेलं पाणी घालायचं. जास्त नाही, कारण शुद्ध पाणी देणारं यंत्र दिवसाला तेवढंच देई. बुडणाऱ्या नावेतून वाटीनं पाणी उपसण्याचा हा प्रकार होता, पण त्यानं वेळ मिळत होता. रोज मीठ कालवून काकांच्या हातांची दैना झाली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. पेन धरताना ते तोंड वाकडं करत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मानेच्या तळाशी फेसाचं पांढरं कडं दिसलं, अंगठीएवढ्या जाडीचं. काका गुडघ्यांवर बसून बराच वेळ ते पाहत राहिले. मग उठले, कपाट हलक्या हातानं लावलं आणि आम्हाला म्हणाले, “येतोय.”

चौथ्या दिवशी सकाळी साडेआठला आले तेव्हा फेस मानेच्या निम्म्यापर्यंत चढलेला होता. काकांनी काच पुसली, पाणी बदललं, मुकादमाला बोटांनी चिमूटभर खाणं भरवलं. मुकादम एकोणीस वर्षं त्यांच्याच बोटांतून खात असे. काटा असलेला मासा, पण त्यांना कधी लागला नव्हता. दहा वाजता त्यांनी कपाट उघडलं. मान कोरडी. फेस नावाची गोष्ट नाही. नळकांड्यात नुसती खळखळ.

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही. सकाळी फेस, दहाला खळखळ, संध्याकाळी पुन्हा कडं. यंत्र रुसणार, हे काकांनी धरलेलं होतं, पण घड्याळ लावून रुसणारं यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. पाणी होतं तसंच दुधी. मुकादम कोपऱ्यात. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप काका मनगटावरच्या घड्याळावर मोजत आणि कॅलेंडरच्या मागे आकडे लिहीत. चौथ्या दिवशी मिनिटाला ऐंशी. सातव्या दिवशी सत्याण्णव.

आठव्या दिवशी त्यांनी चौकशी सुरू केली. फेस मोडतो, याचा अर्थ सकाळी साडेआठ ते दहा या वेळात कुठून तरी तेलकट काहीतरी पाण्यात पडतं. कोण पाडतं? त्यांनी आमच्या खिडकीवरच्या मुलीला केसांना काय लावतेस, असं विचारलं. तिनं ते घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिची आई बघायला आली. त्यांनी नर्सबाईंचा सुगंधी फवारा कपाटात बंद करायला लावला. चष्मे विकणाऱ्याला तेलकट वेफर्स टाकीपासून दहा पावलं लांब जाऊन खायला सांगितले. दवाखान्यातल्या एकतीस माणसांचे हात त्यांनी शंकेखाली आणले. टाकीवर ते अक्षरशः डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते.

शेवटी गाडी मावशींवर आली.

“मावशी, फरशीला कसलं द्रव वापरता?”

“तेच, निळं. चार वर्षं तेच आहे.”

“फडकं टाकीच्या खाली पिळता का?”

“टाकीच्या खाली कशाला पिळू? बादली आहे माझ्याकडे.”

“नऊच्या सुमारास तुम्हीच असता इथे.”

मावशींनी फडकं बादलीच्या काठावर ठेवलं. “नऊला मी असते. साडेसहालाही मीच असते. दवाखाना मीच उघडते. तुमचा फेसवाला सकाळी साडेसहाला झकास फेस काढून बसलेला असतो, मी रोज बघते. तुम्ही आलात की बसतो तो. आता तुम्हाला बघून लाजतो की काय, ते त्याला विचारा.”

काका म्हणाले, “उद्यापासून या कोपऱ्यात पुसू नका.”

“नाही पुसणार.” आणि मावशी गेल्या. पुढचे दोन दिवस त्या टाकीजवळची फरशी एका सरळ रेषेपर्यंत पुसत. रेषेच्या पलीकडे धूळ.

या दोन दिवसांतही फेस रोज दहाला मोडला. मावशी निर्दोष सुटल्या होत्या, पण तसं कुणी त्यांना सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी मॅडम टाकीपाशी उभ्या राहिल्या. लहान माशांपैकी एक तळाला पडला होता. त्यांनी मोबाइल काढून कॅलेंडर बघितलं. मुकादमाचा आकडा एकशे चौदा होता.

त्या दिवशी पाच वाजता थांबाकाकांनी, टाकीवरच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचा नियम मोडला. मान कोरडी होती, पाणी वाईट होतं, पाच दिवस उरले होते. त्यांनी कपाट उघडलं, वॉल्व्ह चांगला पाऊण फेरा बंद केला, पाणी मानेपर्यंत चढलेलं पाहिलं आणि घरी गेले.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसहाला ते बसमध्ये होते. चैन पडत नव्हतं म्हणून लवकर निघाले होते. फोन वाजला.

“काका, मी बोलतेय. तुमच्या कपाटातून पाणी येतंय. सगळा हॉल भरलाय.” मावशींचा आवाज शांत होता. “कागदावर लिहिलंय हात लावू नये. लावू का?”

काका बसमध्ये उठून उभे राहिले. काय झालं असणार ते त्यांना एका क्षणात दिसलं. सकाळी मोडलेला फेस संध्याकाळी नेहमीप्रमाणे परत आला. पण वॉल्व्ह बंद, पाणी मानेत. फेसाऐवजी खारं पाणीच पेल्यात, पेल्यातून नळीनं बादलीत, बादलीतून फरशीवर. इथवर नुसती पुसापुशी. खरं संकट दुसरं होतं. खालच्या टाकीत पाणी कमी झालं की एक तरंगणारा गोळा खाली उतरतो आणि शंभर लिटरच्या पिंपातून गोडं पाणी आपोआप सोडतो. बाष्पीभवनानं उडालेलं पाणी भरून काढायला ती सोय. गोळ्याला काय कळणार, पाणी उडालंय की सांडलंय. खारं बाहेर, गोडं आत. असं सबंध रात्र.

“लावा,” काका म्हणाले. “आधी हात धुवा. साबण नको, नुसतं पाणी.”

“धुतले.”

“लाल वायरीचा प्लग काढा. काढला? आता खालच्या टाकीत पांढरा गोळा आहे. तो वर उचलून धरा.”

“धरला.”

“पिंपाच्या नळाची चावी दुसऱ्या हातानं बंद करा.”

“मोबाइल तिसऱ्या हातात धरू?” मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. “झाली बंद.”

“पिंपात किती पाणी आहे?”

“पिंप रिकामं आहे, काका.”

“आणि मुकादम?”

बसमधले लोक काकांकडे बघत होते. “आडवा आहे,” मावशी म्हणाल्या. “म्हणजे तिरका. खाली, दगडाला टेकून. पण कल्ले हलतायत. मी बघतेय त्याच्याकडे, तुम्ही या.”

काका पोहोचले तेव्हा मावशींनी हॉल कोरडा केला होता, रेषेच्या पलीकडचा कोपराही. काकांनी क्षारमापीची नळी डोळ्याला लावली. आकडा पस्तीस असायला हवा. एकोणतीस होता. त्यांनी नळी पुसून पुन्हा लावली. एकोणतीस.

“मीठ टाकायचं ना मग?” मावशींनी विचारलं.

“एकदम नाही टाकता येत. खारेपणा उतरला तर मासा कसाबसा सोसतो. झटक्यात चढवला तर नाही सोसत. दिवसाला दीड, फार तर दोन. चार दिवस लागतील.” त्यांनी नळी खाली ठेवली. “आणि खारेपणा कमी असेल तर फेसही नीट धरत नाही.”

“म्हणजे पंधराव्या दिवशी.”

“हो. पंधराव्या दिवशी.”

त्यांनी खिशात हात घातला, बोटं चोळली. ही त्यांची अलीकडची सवय होती. मावशी जरा पुढे झुकल्या.

“काका, रागावू नका. पण हा कापरासारखा वास तुमच्या हाताला येतो ना? मला रोज वाटायचं, थेंबांच्या खोलीतून येतो.”

काकांनी खिशातून हात बाहेर काढला. बरोबर एक चपटी ट्यूब आली. त्यांची मुलगी औषधांच्या दुकानात काम करते. तिसऱ्या दिवशी रात्री बापाचे हात बघून तिनं ही ट्यूब आणली होती, आणि रोज सकाळी निघण्याआधी लावायची, अशी शपथ नव्हे पण शपथेच्या जवळपासचं काहीतरी घातलं होतं. काका रोज इमानेइतबारे लावत होते. आणि मग साडेआठला ते हात कोपरापर्यंत टाकीत बुडवत होते.

त्यांनी काचेची एक बरणी घेतली, टाकीतलं पाणी निम्मं भरलं, हवेची नळी त्यात सोडली. वर फेस जमू लागला, पातळ पण उभा. त्यांनी तर्जनीचं टोक फेसाला लावलं. फेस त्या जागी फाटला, मग बाजूला फाटत गेला, आणि चार श्वासांत पाणी सपाट झालं.

“साबणाच्या कारखान्यात कढई उतू जायला लागली की आम्ही तेलाचं एक बोट फिरवायचो,” काका म्हणाले. “मीच फिरवायचो. बारा वर्षं.”

मावशींनी बरणीकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांच्याकडे त्या वेळी बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि बोलायचा हक्कही होता. त्या म्हणाल्या, “चहा ठेवते. थांबा म्हणू नका.”

“मावशी,” काका म्हणाले, “तुमच्यावर उगाच घेतलं मी.”

“घेतलंत खरं. दोन दिवस कोपरा न पुसता बरं वाटलं.”

साडेनऊला मॅडम आल्या. ओला वास, रिकामं पिंप, तिरका मासा, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. “काका, आता ओढत नेण्यात अर्थ आहे का? मी पडदावाल्यांना उद्याच बोलावते.”

“पंधरा म्हणाला होतात,” काका म्हणाले. “आज अकरावा आहे.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. त्यांना शब्द मोडायची सवय नव्हती, आणि ती नसल्याची अडचण त्यांना त्या दिवशी प्रथमच जाणवत असावी. “ठीक. पण पाणी सांडलं कसं, याचा लेखी अहवाल मला सोळाव्या दिवशी टेबलावर हवा. इथे म्हातारी माणसं येतात. कुणी घसरलं असतं तर?”

त्यानंतरचे चार दिवस काका टाकीपाशी हात पाठीमागे बांधून उभे राहिले. नऊशे निरनिराळ्या कामांसाठी त्यांचा हात पुढे येई आणि वाटेतच परत जाई. वॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडा. पाणी बदलायचं काम मावशी करत, काकांनी तोंडी सांगितलेलं मोजून. अकराव्या दिवशी संध्याकाळी तीस. बाराव्या दिवशी साडेएकतीस. फेस नाही. काचेवरचं शेवाळ खायला सोडलेल्या लहान गोगलगायींपैकी सहा मेल्या. मावशींनी त्या चिमट्यानं एकेक काढल्या आणि प्रत्येक वेळी आकडा सांगितला, तो काकांना ऐकायचा नव्हता. तेराव्या दिवशी तेहतीस. मुकादम दगडापासून सुटला, पण खाईना. मावशींनी बोटं पाण्यात धरली की तो तोंड फिरवी.

“मला ओळखत नाही तो,” मावशी म्हणाल्या. “जावयासारखा करतो. वाढणारी बदलली की पानावरून उठायचं.”

“चार वेळा खाली-वर करा चिमूट. मी तसं करतो.”

“पाच वेळा केलं. तुम्ही जरा त्याला दिसाल असं काचेसमोर उभे राहा.”

काका काचेसमोर बसले. मावशींनी चिमूट खाली-वर केली. मुकादम काकांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग, वर न बघताच, खाणं ओढून घेतलं.

घरी मुलीनं विचारलं, “बाबा, ट्यूब संपली का? हात बघा काय झालेत.”

“संपली नाही. बंद केली.”

“का? आग होते?”

त्यांनी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे मी मारला असता त्याला.”

“तू हात बरे केलेस. पाण्यात मी घातले.”

“हातमोजे का नाही घालत तुम्ही? इतकी वर्षं सांगतेय.”

“पाणी हाताला कळावं लागतं.”

“काय कळतं?”

काकांनी विचार केला. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. “फारसं काही नाही,” ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी साडेचौतीस. सकाळी साडेसहाला मावशींचा फोन: कडं आलंय. काका आले, हात पाठीमागे, दहा वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिले. दहा वाजले. साडेदहा. मानेत फेस होता. पांढरा नव्हे, कडेनं तपकिरी. तो चढत नव्हता, पण मोडतही नव्हता. दुपारी तो मानेच्या ओठापाशी आला, तिथे डगमगला, आणि त्याचा एक गोळा, कवडीएवढा, पेल्यात पडला.

“आता वॉल्व्ह?” मावशींनी विचारलं.

काकांचा हात पुढे आला. “थांबा,” ते म्हणाले. हे ते मावशींना म्हणाले की हाताला, ते कळलं नाही.

सोळाव्या दिवशी पडदावाले आले. दोघे, एकाच्या हातात मोजपट्टी. मॅडमही आल्या. पाणी अगदी पारदर्शक झालं होतं असं नाही. पण पलीकडच्या भिंतीवरचा दृष्टिचाचणीचा तक्ता टाकीतून दिसत होता, वरून पाचव्या ओळीपर्यंत. मॅडमनी तो वाचून पाहिला. सात लहान मासे त्यांनी मोजले. मुकादम डाव्या टोकाकडून आला, त्यांच्यासमोरून गेला, उजव्या टोकाला वळला.

काकांनी पेला काढून दाखवला. आत तीन बोटं काळं पाणी.

“हे काय आहे?” मॅडमनी रुमाल नाकाला लावला.

“हे कालपर्यंत पाण्यात होतं.”

मॅडमनी पेला लांब धरायला सांगितला आणि अहवाल मागितला. छापील अर्ज होता. ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यासमोर काकांनी लिहिलं होतं: ‘देखभाल करणाऱ्याचे हात.’ अक्षर वेडंवाकडं, कारण पेराची चीर पुन्हा उघडली होती.

“हातून झालेली चूक, असं म्हणायचंय का?”

“नाही. हातच. त्यांना मलम होतं. आणि सांडलं ते मी वॉल्व्ह फिरवल्यामुळे. मावशींनी बंद केलं नसतं तर मासा गेला असता.”

मॅडमनी कागदाची घडी घातली. पडदावाल्यांना त्या म्हणाल्या, “समोरची भिंत मोजा.” पडदा आता तिथे आहे. त्यावर मासे फिरतात. थेंब घातलेल्यांना दोन्हीकडचे सारखेच दिसतात.

मुलीनं त्याच आठवड्यात हातमोजे आणले. खांद्यापर्यंत येणारे, निळे, गुरांच्या डॉक्टरांचे. काकांनी ते चढवले तेव्हा आमच्या खिडकीवर दहा मिनिटं काम बंद होतं. मावशी म्हणाल्या, “आता म्हैस आणा.” काकांनी निळा हात पाण्यात घातला. बोटांत चिमूटभर खाणं.

मुकादम मागच्या दगडाआड गेला. शेपटीचा काटा उघडा.

पहिल्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या टाकीपर्यंत येऊन परतला. मावशींनी सुचवलं, मी भरवते, मला आता ओळखतो तो. काका नको म्हणाले. ते रोज साडेनऊला स्टुलावर बसतात, हात खांद्यापर्यंत पाण्यात, चार वेळा खाली-वर, मग स्थिर. पाण्याचं त्यांना आता काही कळत नाही, थंड की कोमट तेवढं सोडून. आज अकरावा दिवस आहे. मुकादम दगडाबाहेर आला आहे, हातभर अंतरावर उभा आहे, आणि निळ्या बोटांकडे बघतो आहे. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, काका, आणखी किती वेळ. काकांनी मान न वळवता उत्तर दिलं, ते काय असणार हे तिला माहीत होतं.